कॅन्सरच्या उपचारांत व्यायाम: कधी, कुठून आणि किती सुरू करायचा

घरात कॅन्सरचं निदान झालं की पहिले काही आठवडे बायोप्सी, पेट स्कॅन, विम्याचे कागद आणि ऑफिसची रजा यांतच जातात. त्या धावपळीत व्यायामाचं नाव कोणी काढत नाही. उलट भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगून जातो, ‘आता काही करायचं नाही, फक्त आराम.’ मी ठाण्यात फिजिओथेरपी करते, घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत रुग्णांच्या घरीही जाते, आणि हा आराम किती महागात पडतो ते रोज बघते. हात खांद्याच्या वर जाईनासा झालाय, तोंडात चमचा शिरत नाही, एक मजला चढलं की धाप लागते, अशा अवस्थेत माणसं पहिल्यांदा आमच्याकडे येतात. यातलं पुष्कळसं वेळेत सुरुवात झाली असती तर टळलं असतं. ज्यांच्या घरात हे सगळं नुकतंच सुरू झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

व्यायामाने ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशनची जागा भरून निघत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो उपचारांच्या जोडीने करायचा असतो. २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी तोवरचं संशोधन तपासून शिफारशी प्रसिद्ध केल्या. आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं बेताच्या गतीने चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम एवढ्याने थकवा, चिंता आणि उदासी कमी होते, रोजची कामं जमू लागतात, असं त्यांचं म्हणणं. २०२५ मध्ये ‘चॅलेंज’ या चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनंतर आजार न उलटता राहिलेले व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ९०.३ आणि ८३.२ टक्के. व्यायाम करणाऱ्यांत स्नायू-सांध्यांच्या तक्रारी थोड्या जास्त होत्या, म्हणूनच कोणाच्या तरी देखरेखीखाली करावा. हे आकडे एका प्रकारच्या कॅन्सरचे आहेत, ते सरसकट सगळ्यांना लावू नका. पण ‘हालचाल केली तर आजार वाढेल’ ही भीती मनातून काढायला एवढं पुरेसं आहे.

पहिली पायरी: उपचार सुरू होण्याआधी मापं घेऊन ठेवा

बहुतेक घरांत हीच पायरी सुटते, आणि नंतर ती भरून काढता येत नाही. ऑपरेशनच्या आधी शरीर कसं होतं हे माहीत नसेल, तर नंतर काय बिघडलं ते कळणार कसं?

शिंप्याकडे असते तशी मापाची टेप घ्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर दोन्ही हातांचा घेर मनगटाशी मोजा, मग वर दर १० सेंटीमीटरवर मोजत काखेपर्यंत जा. उजवा-डावा वेगवेगळा लिहा, तारीख टाका. तोंडाचं किंवा जबड्याचं ऑपरेशन असेल तर आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची किती बोटं उभी आत जातात ते बघा. साधारणपणे तीन जातात. तिसरी मोजणी सगळ्यांसाठी: हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी आणि शेजारी कोणीतरी उभं हवं. हे सगळं फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.

त्याच पानावर डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या. आजार हाडांपर्यंत गेलाय का? दिली जाणारी औषधं हृदयावर परिणाम करणारी आहेत का, असतील तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी? ऑपरेशननंतर किती दिवस वजन उचलायचं नाही? केमो देण्यासाठी पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे शिरेत कायम ठेवायची नळी, बसवणार असतील तर त्या बाजूचा हात किती हलवायचा? ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, त्यामुळे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या आणि उत्तरं तिथेच टिपून घ्या. हा कागद हातात असला की फिजिओथेरपिस्टचं निम्मं काम सोपं होतं.

दुसरी पायरी: माणूस शोधा

जिथे उपचार चालू आहेत तिथल्याच फिजिओथेरपी विभागात आधी विचारा. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये असा विभाग आहे. ज्यांचे उपचार खारघरला टाटा मेमोरियलच्याच ॲक्ट्रेक या केंद्रात चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडूनच चिठ्ठी मागून घ्यावी. आपणहून विचारावं लागतं, कारण गर्दीत ही चिठ्ठी राहून जाते.

आठवड्यातून दोन-तीनदा परळला जाणं झेपणारं नसेल तर घराजवळ सोय बघा. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम, या तिन्ही ठिकाणी फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. अशा महाविद्यालयांच्या ओपीडीत खर्च खासगी क्लिनिकपेक्षा सहसा कमी येतो आणि शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यावर शिक्षक असतात. ठाणेकरांनी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही चौकशी करावी. ठाण्याहून नवी मुंबईला जायला ट्रान्स-हार्बर लोकल आहे. कॅन्सरच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा आणि संकोच न करता त्या डब्यात बसा. गर्दीच्या डब्यात लोंबकळणं ताज्या टाक्यांना परवडणारं नाही.

घरी कोणाला बोलवत असाल तर दोन प्रश्न विचारा. पदवी कुठली आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का? कॅन्सरचे रुग्ण याआधी हाताळले आहेत का? आणि फाइल न वाचताच जो शेकाचं किंवा करंटचं मशीन लावायला घेतो, त्याला तिथेच थांबवा. गाठ असलेल्या किंवा नुकतंच रेडिएशन झालेल्या जागी अशी मशीनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नसतात. सुजलेला हात किंवा पाय जोरजोरात रगडणाऱ्या मालिशवाल्यांनाही हेच लागू.

तिसरी पायरी: ऑपरेशननंतरचे पहिले दिवस

पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन असेल तर पहिला व्यायाम श्वासाचा. तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र हातात देतात, त्यात फुंकायचं नसतं, हवा ओढायची असते. दर जागत्या तासाला दहा वेळा, सावकाश, तोंड नळीभोवती घट्ट मिटून. खोकला आला तर टाक्यांवर उशी घट्ट धरून खोका. सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या आधाराने उठा. पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवत राहा, म्हणजे पायात रक्त साकळत नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉर्डात चाला, जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, म्हणजे ड्रेनची, बाटली हातात घेऊनसुद्धा.

पोटावर स्टोमाची, म्हणजे शौच किंवा लघवी बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या वाटेची, पिशवी असेल तर हर्नियाची भीती असते. सहा ते आठ आठवडे जड उचलणं बंद. बादली, गॅस सिलिंडर, नातवंडं, सगळं त्यात आलं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी थेंब थेंब गळते आणि पुरुष ते बायकोलाही सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम त्यावर उपयोगी पडतो, तो ऑपरेशनच्या आधीच शिकून घेतला तर जास्त चांगलं. आम्हाला अशा गोष्टी ऐकायची सवय आहे, मोकळेपणाने सांगा.

स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर

काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो. बायका तो हात पोटाशी धरून ठेवतात, महिनाभर ओढणीखाली लपवतात, आणि खांदा जाम होतो. ड्रेन असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा. बोटं, मनगट, कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं. प्लॅस्टिक सर्जरी करून स्तन पुन्हा घडवला असेल तर नियम वेगळे असतात, ते सर्जनच सांगतील.

ड्रेन निघाला आणि जखम भरली की भिंत. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, तर्जनी आणि मधलं बोट भिंतीवर टेकवून हळूहळू वर चालवत न्यायचं. ताण जाणवला की थांबायचं, दुखेपर्यंत जायचं नाही. दहा-पंधरा सेकंद तिथेच धरायचं, श्वास सोडायचा आणि बोटं चालवतच खाली यायचं. जिथवर पोचलात तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि तारीख लिहा. रोजच्या रोज रेघ वर सरकेलच असं नाही. रेडिएशन सुरू झालं की ती पुन्हा खाली येते, तेव्हा घाबरू नका आणि व्यायाम सोडू नका. मी माझ्या बायकांना उद्दिष्ट देते ते दांडीवर कपडे वाळत घालण्याचं. दोन्ही हातांनी साडी दांडीवर टाकता आली की खांदा सुटला असं समजायला हरकत नाही.

काहींना काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेली दोरी दिसते. हात उचलला की ती तट्ट उभी राहते. दिसायला भीतिदायक असते, पण ती गाठ नव्हे. हलक्या ताणाने बहुतेकींची काही आठवड्यांत जाते.

हाताला सूज येणं, म्हणजे लिम्फेडेमा, हा लांबचा धोका. तो ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही येऊ शकतो. बांगडी घट्ट होते, अंगठी रुतते, ब्लाउजची एकच बाही आवळते. महिन्यातून एकदा टेप काढून मोजा आणि पहिल्या पानावरच्या आकड्यांशी ताडून बघा. दोन सेंटीमीटरचा फरक दिसला तर ‘बघू पुढच्या तपासणीला’ म्हणू नका, लगेच दाखवा. लवकर सापडली तर सूज आटोक्यात ठेवणं खूप सोपं असतं.

‘त्या हाताने आयुष्यभर काही उचलायचं नाही’ हा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. २००९ मध्ये अमेरिकेत हाताला सूज असलेल्या १४१ बायकांवर एक चाचणी झाली. देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट सूज अचानक भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. जपायचं ते जखमांपासून. भाजी चिरताना, काटेरी झाडं लावताना, गरम तव्याशी काळजी घ्या. आधीच सूज असेल तर व्यायामाच्या वेळी दाबाची बाही घाला.

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल तर

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी जबड्याचे रुग्ण येतच राहतात, आणि त्यांतले कितीतरी कमावत्या वयातले पुरुष असतात. तंबाखू सुटली नसेल तर कुठलाही व्यायाम पुरा पडणार नाही. हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगते.

ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू घट्ट होत जातात. रेडिएशन संपल्यावरही ही प्रक्रिया कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं चालू राहते. म्हणून ‘आता रेडिएशन संपलं, व्यायामही संपला’ असं करू नका. समोरच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झालं की खाणं, दात घासणं, दातांचे उपचार, सगळंच अवघड होतं.

घरी करायचा सोपा उपाय म्हणजे लाकडी चपट्या काड्या, डॉक्टर घसा बघायला वापरतात तशा. केमिस्टकडे मिळतात. सहज मावतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरा. मग मधोमध एक काडी हळूच सरकवा. ताण येईल, कळ येता कामा नये. अर्धा मिनिट धरा, सोडा, पाच वेळा करा, दिवसातून चार-पाचदा. आठवड्याला एक काडी वाढली तरी चांगली प्रगती आहे. ज्या बाजूचं हाड कापलंय किंवा प्लेट बसवलीय तिथे सर्जनने परवानगी दिल्यावरच सुरू करायचं. रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटलेलं असेल तर जोर कमी करा, काड्या कमी करा, पण तोंड उघडणं-मिटणं चालू ठेवा.

मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का बसतो. मग खांदा खाली लोंबतो आणि रात्री ठणकतो. बसताना त्या हाताखाली उशी घ्या, त्या खांद्याला पिशवी अडकवू नका आणि खांद्याची पाती मागे जवळ आणण्याचा व्यायाम शिकून घ्या. गिळायला त्रास होत असेल तर गिळण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ वेगळे असतात, त्यांचीही चिठ्ठी मागा.

चौथी पायरी: केमोच्या दिवसांत चालणं

केमोचा थकवा झोपून जात नाही. आठ तास झोपूनही माणूस उठतो तो दमलेलाच, आणि घरचे म्हणतात अजून झोप. जेवढं पडून राहावं तेवढे स्नायू झिजतात आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत जाणंही जड होतं.

तीन आठवड्यांच्या चक्राचं गणित समजून घ्या. पहिले काही दिवस मळमळ आणि गळाठा असतो. तेव्हा घरातल्या घरात पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या पुरेत, हॉल ते स्वयंपाकघर. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत जिम, मॉल, भरलेली लोकल टाळा आणि मोकळ्या हवेत चाला. तिसरा आठवडा बहुतेकांना बरा जातो, तेव्हा वेळ वाढवा. दहा मिनिटं जमत असतील तर दोन-तीन दिवसांनी बारा, मग पंधरा. गती किती ठेवायची? सोबतच्या माणसाशी वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं की सावकाश चाला.

जागांची आपल्याकडे वाण नाही. ठाण्यात कचराळी तलाव सपाट आहे आणि बसायला जागा आहे. उपवनला सकाळी हवा चांगली असते. तलावपाळीला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, तिथे पहाटे जा. येऊरचा चढ मात्र उपचार संपेपर्यंत नको. खारघरला सेंट्रल पार्क, वाशीला सागर विहार, नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी परत या. पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा, ओल्या लाद्यांवर नको.

ओल्या लाद्यांचं मुद्दाम सांगते, कारण काही केमोच्या औषधांनी तळपायाच्या नसा बधिर होतात. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. मागे पट्टा असलेली, चांगली पकड असलेली सँडल घाला. बाथरूममध्ये रबरी मॅट टाका. ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा वर-खाली करा, मग एका पायावर दहा सेकंद. भाजी शिजेपर्यंत एवढा व्यायाम होऊन जातो.

पाचवी पायरी: ताकद

एकट्या चालण्याने झिजलेले स्नायू भरत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, चार-पाच व्यायाम करा: खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून जोर काढणं, टाचा उचलणं, आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपरातून हात वाकवणं. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो, तिथूनच सुरुवात करा. आठ ते पंधरा वेळा, असे दोन संच. पंधरा वेळा सहज जमायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी हात सुजला किंवा ठणकला नाही, तर एक लिटरची घ्या. आजार हाडांत असेल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका. वाकणं, पिळणं आणि वजन उचलणं याने हाड मोडू शकतं, व्यायाम बेतून घ्यावे लागतात. जेवणात प्रथिनं किती हवीत हे आहारतज्ज्ञांना विचारा. नुसत्या पेजेवर स्नायू तयार होत नाहीत.

कधी थांबायचं

केमो चालू असताना १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला तर व्यायाम बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखत असेल, अचानक धाप लागत असेल तरीही तेच. सुजलेला हात लाल होऊन गरम लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा. नव्याने सुरू झालेली पाठदुखी, पायातली शक्ती जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं म्हणजे मणक्यात मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, तिथे तासही वाया घालवू नका. रक्ताचा रिपोर्ट आला की प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन बघून व्यायाम किती करायचा ते डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट फार खाली असतील तर वजनाचे व्यायाम थांबतात.

घरच्यांसाठी

‘तू उठू नकोस, मी देते’ हे प्रेमापोटी येतं, मला ठाऊक आहे. तरी पाण्याचा ग्लास त्यांना स्वतः उठून घेऊ द्या. सोबत चाला, रोजच्या व्यायामाच्या नोंदींची वही तुम्ही सांभाळा, मापं तुम्ही घ्या. ‘आज किती झालं?’ असं रोज विचारून दडपण आणू नका. ज्या दिवशी ते नको म्हणतील त्या दिवशी पाच मिनिटांची एक फेरी सुचवा, आणि तीही नको असेल तर सोडून द्या.

आजारपण, ताप किंवा घरातल्या लग्नकार्यामुळे आठ-पंधरा दिवस खाडा पडला तर जिथे थांबलात तिथून सुरू करू नका. आधी जेवढं चालत होतात त्याच्या निम्मं चाला, बाटली अर्ध्या लिटरची घ्या, आणि आठवडाभराने वहीतले जुने आकडे पुन्हा गाठायला लागा.